साडेपाच हजार फुटांवरचा हँडहेल्ड: छोट्या खासगी विमानात हॅम रेडिओ कसा वापरावा

आपण पुण्यात असल्यापासून हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, चालवत आला आहात. अमेरिकेत आल्यावर आपण टेक्निशियन वर्गाचा, म्हणजे हॅमचा सुरुवातीचा, परवाना घेतला आणि आता खासगी वैमानिकाचा परवानाही मिळवला आहे. भाड्याच्या सेसना 172 मधून सॅन होझेहून फ्रेस्नोला जाताना पाच वॉटचा हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारा रेडिओ, बरोबर घ्यावा, असा आपला बेत आहे. तो वापरण्यास परवानगी आहे का, डोक्यावर हेडसेट असताना त्यावर बोलायचे कसे, आणि विमानाचा रेडिओ बंद पडला तर हाच हँडहेल्ड कामी येईल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी गेली सोळा वर्षे याच भागात छोटी विमाने उडवतो आहे आणि हॅम त्याही आधीपासून आहे, त्यामुळे या तिन्ही बाबतींत माझ्या हातून काही ना काही चुकून झालेले आहे. माझ्या मते परवानगीचा प्रश्न यात सर्वांत सोपा आहे. खरा प्रश्न असा, की जमिनीवर निरुपद्रवी असलेले हे यंत्र उंचीवर गेल्यावर इतरांना किती त्रास देते आणि विमान चालवणाऱ्याचे लक्ष किती खाते. आपण तो विचारलेला नाही, पण उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करावा लागेल.

आधी नियम पाहू. एफसीसी, म्हणजे अमेरिकेचा संघीय दळणवळण आयोग, याच्या नियमावलीत भाग 97 हा हौशी रेडिओचा भाग आहे आणि त्यातील कलम 97.11 जहाजे व विमाने यांच्यासाठी आहे. विमानातील हॅम केंद्राला पायलट इन कमांडची, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाची, संमती हवी, ते विमानाच्या इतर रेडिओ यंत्रणेपासून वेगळे व स्वतंत्र हवे, त्याने कोणत्याही उपकरणात व्यत्यय आणता कामा नये, आणि विमान आयएफआरखाली, म्हणजे उपकरणांवर आधारित उड्डाणाच्या नियमांखाली, चालत असताना ते वापरायचे नाही. ते एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेच्या, सर्व लागू नियमांत बसते असे ठरलेले असेल तरच अपवाद. एफएएच्या बाजूने कलम 91.21 आहे. ते सोबत नेलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांविषयी आहे आणि दळणवळण व दिशादर्शन यंत्रणेत व्यत्यय येत नाही हे ठरवण्याची जबाबदारी, आयएफआरखालील खासगी उड्डाणात, पायलट इन कमांडवर किंवा विमान चालवणाऱ्यावर टाकते. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. आकाश निरभ्र असले की आयएफआर लागू नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आपण आयएफआरची मंजुरी घेऊन उडत असाल तर लख्ख उन्हातही आपण आयएफआरमध्येच असता. मी अशा उड्डाणात हँडहेल्डची बॅटरी काढून ठेवतो, म्हणजे मोहच होत नाही.

विमान भाड्याचे आहे, म्हणून कायद्याच्या पलीकडेही एक संमती लागते आणि ती विमानाच्या मालकाची किंवा क्लबची असते. ती लेखी घ्यावी. दोन ओळींचा ईमेल पुरतो. हे सर्व फक्त अमेरिकेपुरते आहे, हेही लक्षात ठेवावे. सुटीत भारतात जाऊन एखाद्या फ्लाइंग क्लबच्या विमानात हाच प्रयोग करण्याचा विचार असेल, तर तेथे हॅमचा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडे आणि विमान नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे येते. दोन्हीकडे स्वतंत्रपणे विचारल्याशिवाय तो करू नये.

आता उंचीकडे वळू. महाराष्ट्रात ज्यांनी हॅम चालवला आहे, त्यांना डोंगरमाथ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. हँडहेल्ड घेऊन किल्ल्यावर गेले की खाली ऐकू न येणारी केंद्रे अचानक बोलू लागतात. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर, म्हणजे सुमारे 5,400 फूट उंच आहे. फ्रेस्नोकडे जाताना आपली दिशा पूर्व-आग्नेयेकडची असेल, म्हणून व्हीएफआरच्या, म्हणजे डोळ्यांनी पाहून उडण्याच्या, नियमाने आपण 5,500 किंवा 7,500 फुटांवर असाल. म्हणजे कॅलिफोर्नियातील सेंट्रल व्हॅलीच्या जवळजवळ समुद्रसपाटीच्या मैदानावर आपण एक कळसूबाई ताशी दोनशे किलोमीटर वेगाने फिरवत नेत आहात. उंचीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला 1.23 ने गुणले की रेडिओ क्षितिज सागरी मैलांत मिळते. 5,500 फुटांना ते सुमारे 91 सागरी मैल, म्हणजे जवळपास 169 किलोमीटर येते, आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून अधिक भरते. एवढ्या प्रदेशातील प्रत्येक अँटेनाशी आपला सरळ दृष्टिसंबंध असतो. वाटेतील डोंगररांगांनी काही भाग झाकला तरी उरलेला पुष्कळ आहे.

पाच वॉटची येथे गरज का नाही, ते एकदा आकडे मांडून पाहावे. 146 मेगाहर्ट्झवर 100 किलोमीटर मोकळ्या हवेत संकेत सुमारे 116 डेसिबल क्षीण होतो. अर्धा वॉट म्हणजे 27 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल), तेव्हा पलीकडे उणे 89 डीबीएमच्या आसपास काहीतरी पोहोचते. साधा एफएम रिसीव्हर उणे 120 डीबीएमच्या जवळचा संकेतही ऐकतो, म्हणजे गाठीशी तीस डेसिबल शिल्लक राहिले. रबरी अँटेना आणि केबिनचा अॅल्युमिनियमचा पत्रा यांनी पंधरा डेसिबल खाल्ले तरी उरलेले पंधरा स्वच्छ बोलण्यास पुरेसे आहेत. अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेल्याने फक्त दहा डेसिबल वाढतात. पलीकडच्या माणसाला फरक क्वचित जाणवतो, त्रास मात्र दहापट शक्तीने पसरतो. म्हणून हँडहेल्डवर जी सर्वांत कमी शक्ती असेल ती लावून उड्डाण सुरू करावे आणि ती वाढवण्यासाठी सबळ कारण हवे.

हा त्रास कसा होतो, ते मी पहिल्याच वर्षी पाहिले. सॅन होझे आणि सेंट्रल व्हॅली यांच्या मधली पाचेको खिंड ओलांडल्यावर मी मोठ्या हौसेने एका ओळखीच्या रिपीटरला, म्हणजे ऐकलेला संकेत पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राला, पाच वॉटवर हाक मारली. उत्तर आले, पण त्यात तीन आवाज एकमेकांत मिसळलेले होते आणि कोणाचेही कॉल साइन, म्हणजे केंद्राची ओळख-अक्षरे, धड लागत नव्हते. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झाली. कारण असे, की दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे 144 ते 148 मेगाहर्ट्झमध्ये, रिपीटरच्या ऐकण्याच्या व बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या जोड्या मोजक्या आहेत आणि त्याच जोड्या शे-दीडशे किलोमीटर अंतरावर पुन्हा वापरल्या जातात. जमिनीवरून दोघांची गाठ पडत नाही. उंचीवरून दोन्ही रिपीटर आपल्याला ऐकतात आणि आपण दोघांना.

यावर बहुतेक जण टोनचा बचाव सांगतात: प्रत्येक रिपीटर उघडणारा उपश्राव्य, म्हणजे कानाला न जाणवणारा, टोन वेगळा असतो, मी एकाचाच टोन पाठवतो, मग दुसरा उघडेलच कसा? दुसरा उघडत नाही हे खरे. पण त्याच्या इनपुटवर आपली वाहक लहर पोहोचतेच, आणि तेथे एखादा हॅम गाडीतून क्षीण संकेताने बोलत असेल तर त्याला आपण दाबून टाकतो. एफएमचा गुणधर्मच असा आहे, की दोघांत जो प्रबळ तो संपूर्ण ताबा घेतो आणि दुर्बळाचा मागमूस राहत नाही. त्या बिचाऱ्याला वाटते रिपीटर बिघडला, आणि आपल्याला तर काहीच कळत नाही. विमानतळांच्या दळणवळणात आजही एएम वापरतात, त्यामागच्या फायद्यांपैकी हा एक आहे: दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर नियंत्रकाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि कोणीतरी दबला गेला हे तरी समजते. उडत्या विमानात 800 मेगाहर्ट्झच्या मोबाइल फोनवर एफसीसीने बंदी घातली, त्यामागेही हीच चिंता होती, की उंचावरचा एक फोन एकाच वेळी असंख्य टॉवरना दिसतो.

म्हणून माझा रिवाज असा आहे, की हवेतून रिपीटर वापरायचा नाही आणि 146.52 मेगाहर्ट्झ या अमेरिकेच्या राष्ट्रीय सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलण्याच्या, फ्रिक्वेन्सीवर, तेही कोणी आधीपासून बोलत नाही हे मिनिटभर ऐकून झाल्यावर, हाक मारायची. कॉल साइननंतर 'एरोनॉटिकल मोबाइल' म्हणावे, कोणत्या गावावरून जात आहोत ते सांगावे आणि दर दहा मिनिटांनी व शेवटी कॉल साइन द्यावे. येथे एक मजा होते, तिची तयारी ठेवावी. आपण हाक मारली की मर्सेडचा माणूस, मोडेस्टोचा माणूस आणि सिएराच्या पायथ्याचा कोणी असे दहा-बारा जण एकदम उत्तर देतात. ते सर्व आपल्याला ऐकतात, पण एकमेकांना ऐकत नाहीत, त्यामुळे शिष्टाचार पाळूनही ते एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. अशा वेळी 'फक्त फ्रेस्नोच्या दक्षिणेकडील केंद्रे' असे विभाग पाडून बोलवावे आणि प्रत्येकाला वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त देऊ नये. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकेल, ही शंका काहींना असते. ताशी 120 नॉटला दोन मीटर पट्ट्यात डॉप्लरने फार तर तीसएक हर्ट्झचा फरक पडतो, आणि एफएममध्ये तो विसरून जावा.

आपले मित्र कोण, यावरही काही गोष्टी अवलंबून आहेत. मित्र दुसऱ्या विमानात असेल, तर खासगी विमानांच्या आपसातील बोलण्यासाठी 122.75 ही फ्रिक्वेन्सी ठेवलेलीच आहे. जे बोलणे दुसऱ्या रेडिओ सेवेतून सहज होऊ शकते ते नियमितपणे हॅमवर करू नये, असे भाग 97 सांगतो. फ्रेस्नोच्या धावपट्टीजवळ वाट पाहणाऱ्या पत्नीशी बोलायचे असेल, तर तिच्याकडे तिचा परवाना हवा, किंवा तिच्या शेजारी परवानाधारक उभा हवा. पस्तीस प्रश्नांची परीक्षा, त्यात सव्वीस बरोबर; आमच्या घरी माझ्या पत्नीने ती मला न सांगता दिली आणि माझ्यापेक्षा दोन गुण जास्त मिळवले.

व्यत्ययाच्या बाबतीत 'माझा रेडिओ चांगल्या कंपनीचा आहे' हे उत्तर पुरत नाही, कारण एकाच बनावटीच्या दोन विमानांत निकाल वेगळा येतो. विमानाच्या संभाषणाचा पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झ आणि त्याखाली 108 ते 118 मध्ये व्हीओआर व लोकलायझर हे दिशादर्शक आहेत. आपला 144 ते 148 चा पट्टा शेजारीच आहे, आणि एवढ्या जवळचा प्रेषक विमानाच्या रिसीव्हरला नुसत्या जवळिकीनेच बहिरे करू शकतो. हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींत निघणारे नकोसे संकेत, हा दुसरा भाग. दहा मीटर पट्ट्यातील 28.4 मेगाहर्ट्झची चौथी पट 113.6 येते, म्हणजे थेट व्हीओआरच्या पट्ट्यात. सहा मीटरच्या वरच्या टोकाची, 54 मेगाहर्ट्झची, दुपट बरोबर 108. जीपीएसची 1575.42 मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी दोन मीटरच्या अकराव्या पटीच्या थोडी खाली पडते, म्हणून आपण बचावतो, पण 225 मेगाहर्ट्झची सातवी पट 1575 आहे, तेव्हा सव्वा मीटरच्या पट्ट्याचे वरचे टोक टाळावे. या कारणांनी मी विमानात दोन मीटरच वापरतो. एचएफचा, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लघुलहरींचा, नाद मी एकदाच केला. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचा खरखराट एवढा होता, की ऐकण्यासारखे काही उरलेच नाही.

तरीही कागदावरचे गणित हे गणितच. प्रत्येक विमानात मी आधी जमिनीवर चाचणी घेतो. इंजिन चालू, ब्रेक लावलेले, सर्व उपकरणे सुरू आणि हँडहेल्ड शेजारच्या माणसाच्या हातात, कारण मला दोन्ही डोळे पॅनेलवर हवे असतात. तो अर्ध्या वॉटवर पाच सेकंद पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबतो, मग सोडतो, मग शक्ती वाढवतो. नंतर अँटेना दारापाशी, मागच्या खिडकीपाशी, छताजवळ असे करत सर्व पुन्हा. मी पाहतो, की संभाषणाच्या रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय, आपोआप उघडतो का, जीपीएसच्या पानावरील उपग्रहांचे स्तंभ खाली येतात का, व्हीओआरची सुई थरथरते का किंवा तिचा इशाऱ्याचा झेंडा दिसतो का, इंटरकॉममध्ये गुरगुर येते का. एका जुन्या 172 मध्ये उजव्या दाराजवळ पाच वॉटवर पीटीटी दाबताच उजव्या टाकीच्या इंधनमापकाची सुई अर्ध्यावरून पावावर आली आणि सोडताच परत वर गेली. पंखातील टाकीपासून येणारी तारच अँटेना झाली होती. तोच रेडिओ अर्ध्या वॉटवर मागच्या डाव्या खिडकीत धरला तेव्हा सुई हलली नाही. ही गंमत पाहून आम्ही दोघे हसलो, पण इंधन खरोखर कमी असताना सुईने असे केले असते तर काय वाटले असते, हा विचार त्यानंतर बराच वेळ डोक्यात राहिला.

ऑटोपायलट असेल तर त्याची परीक्षा वेगळी घ्यावी. ती हवेत, जमिनीपासून तीन हजार फुटांहून वर, दिवसा आणि अंगठा सुटकेच्या बटणावर ठेवून घ्यावी, कारण रेडिओ लहरी सर्व्होच्या, म्हणजे ऑटोपायलटच्या मोटरच्या, तारांत शिरल्या तर विमानाचे नाक अचानक वर किंवा खाली जाऊ शकते. चुंबकीय होकायंत्राची परीक्षा सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत जास्त विसरली जाते. हँडहेल्डच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. तो होकायंत्राजवळ नेऊन तबकडी किती फिरते ते पाहावे, आणि त्यानंतर तो रेडिओ डॅशबोर्डवर ठेवण्याची इच्छा आपोआप मावळते.

अँटेनाविषयी थोडक्यात. धातूच्या केबिनला खिडक्या आहेत म्हणून आपले काम होते. अँटेना मागच्या खिडकीत उभी धरली की पुरे. अवकाशातून बोलणारा पहिला हॅम, ओवेन गॅरियट, यानेही 1983 मध्ये कोलंबिया यानाच्या खिडकीत लावलेल्या अँटेनावरून दोन मीटरच्याच पट्ट्यात पृथ्वीवरच्या हौशींशी संवाद साधला होता, तेव्हा खिडकीला कमी लेखू नये. गाडीवरची लोहचुंबकी अँटेना अॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि चिकटली असती तरी विमानाच्या बाहेर काहीही लावायचे नाही. बाहेरची अँटेना किंवा पॅनेलमधला पक्का रेडिओ म्हणजे विमानात केलेला बदल. त्याला प्रमाणित मेकॅनिक आणि नोंदी लागतात, आणि भाड्याच्या विमानात तो विषयच नको.

विजेसाठी हँडहेल्डची स्वतःची बॅटरी वापरावी. विमानाच्या लायटर सॉकेटचा मोह पडतो, पण 1978 पासूनच्या बहुतेक सेसना 172 मध्ये 28 व्होल्टची यंत्रणा आहे आणि गाडीसाठी बनवलेला हॅम रेडिओ 13.8 व्होल्टवर चालतो. माझ्या एका मित्राने हा फरक एका सेकंदात आणि वासावरून शिकून घेतला.

आता आपला दुसरा प्रश्न, हेडसेटचा. वैमानिकाच्या हेडसेटचा मायक्रोफोन जुन्या कार्बन मायक्रोफोनची नक्कल करतो. त्याला विमानाकडून 8 ते 16 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो शेकडो मिलिव्होल्ट बाहेर देतो. हँडहेल्डच्या मायक्रोफोनच्या प्रवेशाला काही मिलिव्होल्टच पुरतात. दोन्ही थेट जोडले तर एक तर पुरवठ्याअभावी आवाजच जात नाही, किंवा गेला तर फाटून जातो. मी स्वतः बनवलेल्या डबीत नऊ व्होल्टची बॅटरी 470 ओहमच्या रोधातून मायक्रोफोनला पुरवठा करते, पुढे एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकदिश विद्युत्दाब अडवतो आणि त्यानंतर दहा किलोओहम व शंभर ओहम यांच्या विभाजनाने संकेत सुमारे शंभरावा हिस्सा होतो. तयार डब्याही बाजारात मिळतात. ऐकण्याच्या बाजूला विमानाच्या हेडफोनचा रोध तीनशे ओहमच्या आसपास असतो, हँडहेल्ड आठ ओहमसाठी बनलेला असतो, त्यामुळे आवाज थोडा कमी येतो इतकेच; नॉब वाढवला की झाले.

डबीच्या विद्युत जोडणीपेक्षा तिची बटणे महत्त्वाची आहेत, हे मी फजिती होऊन शिकलो. माझ्या पहिल्या डबीवर एक छोटा स्विच होता: एका बाजूला विमानाचा रेडिओ, दुसऱ्या बाजूला हॅम. नियंत्रण मनोरा असलेल्या एका विमानतळावर उतरताना मी डाव्या डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेच्या टप्प्यावर, असल्याचे सांगितले आणि मनोऱ्याकडून उत्तर आले नाही. पुन्हा सांगितले. तेव्हा कानात एक शांत, वयस्क आवाज म्हणाला, की आपण 146.52 वर बोलत आहात आणि माझ्याकडे धावपट्टी नाही. त्या गृहस्थांचे मी आजही उपकार मानतो. त्या दरम्यान मनोऱ्याने मला दोनदा हाक मारली होती, आणि हॅमच्या गप्पांच्या आवाजाखाली मी ती ऐकलीच नव्हती. आता माझ्या डबीवर स्विच नाही. विमानाचा पीटीटी योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणू-चाकावर, आहे तिथेच आहे. हॅमचा पीटीटी वेगळा, खडबडीत पृष्ठाचा, मांडीवरच्या पट्ट्याला लावलेला आहे. स्पर्शानेच कळावे म्हणून तो मुद्दाम खडबडीत केला आहे. विमानाच्या रेडिओवर आवाज आला की हॅमचा आवाज आपोआप दबतो. हे सर्व करायचे नसेल, तर सोपा मार्ग म्हणजे हॅम शेजारच्या आसनावरील परवानाधारक मित्राने चालवणे. आपला परवाना नवा आहे, तेव्हा पहिले पन्नास तास तरी मी हाच मार्ग सुचवेन.

वेळेची मर्यादाही आधी ठरवून घ्यावी. मी विमानतळापासून दहा मैलांच्या आत, जमिनीपासून तीन हजार फुटांखाली, चढताना किंवा उतरताना आणि गर्दीच्या हवाई क्षेत्रात हॅम बंद ठेवतो. सॅन होझेभोवतीचे आकाश असे आहे, की पाचेको खिंडीपर्यंत रेडिओ पिशवीतच राहतो. पुढे मर्सेडपर्यंत पंधरा-वीस मिनिटे मिळतात. एवढ्यात आठ-दहा जणांशी बोलणे होते आणि तेवढे पुष्कळ झाले.

काही जण बोलण्याऐवजी एपीआरएसचा, म्हणजे आपले स्थान रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या पद्धतीचा, स्थान-सूचक लावतात. तो लक्ष खात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, पण उंचीचा न्याय त्यालाही लागू होतो. 144.39 मेगाहर्ट्झवर आपला एक संदेश डझनभर पुनःप्रेषक एकदम ऐकतात आणि गाडीसाठी ठरवलेल्या मार्गाने तो पाठवला तर प्रत्येक जण तो पुन्हा पाठवून वाहिनी भरून टाकतो. पुनःप्रेषणाचा मार्ग रिकामा ठेवावा आणि दोन मिनिटांतून एकदा संदेश पाठवावा. इंटरनेटला जोडलेली केंद्रे तो तसाही थेट ऐकतात.

शेवटी तिसरा प्रश्न. विमानाचा रेडिओ बंद पडला तर हॅमचा हँडहेल्ड त्याची जागा घेऊ शकत नाही. विमानांचा पट्टा एएमवर चालतो आणि आपला रेडिओ एफएममध्ये पाठवतो. शिवाय त्या पट्ट्यात पाठवण्यासाठी वेगळी मान्यता असलेले यंत्र लागते. संकटात सापडलेल्या हौशी केंद्राने हाती असेल ते साधन वापरावे, याला भाग 97 आड येत नाही हे खरे, परंतु एफएमचे बोलणे एएमच्या रिसीव्हरवर अस्पष्ट पुटपुटल्यासारखे पोहोचते, तेव्हा त्यावर बेत आखू नये. त्यासाठी विमानपट्ट्याचा स्वतंत्र हँडहेल्ड घ्यावा, हेडसेटच्या जोडणीसह, आणि तो हॅमच्या आधी घ्यावा. तो नसेल तर ट्रान्सपॉंडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, 7600 हा रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक लावावा, मनोऱ्याच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे, आणि स्थिर हिरवा दिवा मिळाला की उतरावे.

एक उपयोग मात्र खरा आहे. अनेक हॅम हँडहेल्ड विमानपट्ट्यावर एएममध्ये नुसते ऐकू शकतात. विमानाचा रेडिओ गेला असेल, तर मनोऱ्याचे बोलणे त्यावर ऐकू येते आणि आपण दिवसा पंख हलवून पोच देऊ शकता. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही विमानतळांच्या मनोऱ्यांच्या फ्रिक्वेन्सी त्याच्या स्मृतीत एएमवर भरून ठेवाव्यात. आणि पाचेकोसारख्या डोंगराळ टप्प्यात विमान उतरवावेच लागले, तर जमिनीवरून मदत मागताना याच हँडहेल्डचे पूर्ण पाच वॉट आणि जवळच्या सर्व रिपीटरचे टोन कामी येतात. तेव्हा तो त्या टप्प्यात मागच्या आसनावरील पिशवीत न ठेवता जाकिटाच्या चेन असलेल्या खिशात ठेवावा.